मदत हवी आहे: नेट नसताना व्हॅनमधल्या होम असिस्टंटची वेळ मागे राहते

कॅम्पर व्हॅनमध्ये रास्पबेरी पाय 4 (छोटा संगणक), त्याच्या पाय ओएसवर डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या कप्प्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं सॉफ्टवेअर) होम असिस्टंट (उपकरणं आपोआप चालवणारं सॉफ्टवेअर), झिगबी डोंगल (उपकरणांशी बिनतारी जोडणीसाठी). सगळं 12 व्होल्टच्या बॅटरीवर. बालाघाटच्या डोंगरात रेंज नसते, त्यामुळे सिमचा उपाय नको. पाय 4 ला बॅटरीवरचं घड्याळ नाही. रात्री मेन स्विच बंद केला की सकाळी पाय कालच्याच वेळेवर उठतो आणि पाण्याचा पंप भलत्या वेळी सुरू होतो.

डीएस3231 मॉड्यूल (बॅटरीवरचं घड्याळ) जोडलं, पायला ते ओळखता यावं म्हणून कॉन्फिगमध्ये ओव्हरले (त्यासाठीची ओळ) टाकला, फेक-एचडब्ल्यूक्लॉक (बंद होतानाची वेळ जपून ठेवणारा प्रोग्रॅम) काढलं. मॉड्यूलवरची वेळ बरोबर दिसते, पण सिस्टिमची वेळ ती हातानं कमांड दिल्यावरच घेते. बूट होताना सिस्टिमनं ती आपोआप घ्यावी आणि तोवर होम असिस्टंटचा कंटेनर थांबावा, यासाठी सिस्टमडीमध्ये (बूट होताना काय कधी सुरू करायचं ते ठरवणारी यंत्रणा) नेमकं काय लिहू?