मदत हवी आहे: जुन्या लाकडी खिडक्या बदलायच्या आहेत

मंडळी, आमच्या खिडक्या पावसाळ्यात अशा फुगतात की एकदा लावल्या की उघडायचं नाव नाही. खालची चौकट बोटाने दाबली तर भुसा निघतो. यूपीव्हीसी (कडक प्लास्टिक) की अ‍ॅल्युमिनियम, यावर घरात दोन तट पडलेत. मी यूपीव्हीसीवाला. पण आत लोखंडी पट्टी नसेल तर मोठा पल्ला वाकतो म्हणे. ती आहे की नाही, चुंबक लावून कळतं का?

खरी अडचण रस्त्याच्या आवाजाची. सरकत्या खिडकीला नुसती ब्रशची पट्टी. उघडझापीच्या पल्ल्याला रबर दाबून बसतं, त्यामुळे आवाज कमी येतो. पण बाहेर ग्रिल, म्हणजे पल्ले आतच उघडणार, मग पडद्यांचं काय? आणि आवाजासाठी दुहेरी काच बरी की लॅमिनेटेड (दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पातळ थर चिकटवलेली)?

कारागीर म्हणतो, जुनी चौकट राहू द्या, तिच्यावरच नवी ठोकतो. कुजक्या लाकडात स्क्रू काय डोंबलाचा धरणार! पण ती उखडली तर प्लास्टर किती फुटतं? फटीत फोम भरून बाहेरून सिलिकॉन, एवढं पावसाला पुरतं का?

ज्यांनी हे काम करून घेतलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.