१४ काउंटच्या आयडावर दोऱ्याचे किती पदर?

गुहागरहून विचारतेय. इंचाला १४ चौकटींच्या (१४ काउंट) आयडा कापडावर फुल्यांच्या टाक्याने (क्रॉस-स्टिच) बाबांच्या होडीचं चित्र भरतेय, दोन पदरांनी. शीड सुरेख झालं, पण समुद्राच्या गडद निळ्यातून पांढरं कापड डोकावतंय. तीन पदर घेऊ?

मालवणची काकू: तीन नको गो, फुल्या फुगतात. तीन ११ काउंटला. लडीचा दोरा सहापदरी. त्यातला एकेक पदर वेगळा ओढ, मग दोन जुळव. पीळ सुटला की दोरा पसरून बसतो. सुई मधेमधे लोंबकळत सोड, पीळ आपोआप उलगडतो. गडद रंगाला मी निळसर आयडाच घेते.

दापोलीकर: डोलकाठीच्या दोरांना बॅकस्टिच (रेषेसारखी उलटी टीप) एकाच पदराने.

गुहागरहून: काकू, चार ओळी उसवून तशाच भरल्या. पांढरं जवळजवळ दिसेनासं झालं!