चांद्याचा परकोट पायी: कॉलनीच्या सहलीची चर्चा

सचिव: नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी चांदा, म्हणजे चंद्रपूर, दर्शन पक्कं धराचं का? सिंदेवाहीहून ३४ नावं आली. गाइड करून घेऊ. काय पाहाचं आणि कोणत्या क्रमानं, ते इथंच ठरवा.

घर ११, भाऊ: सकाळी चांदा, मग बल्लारपूरचा किल्ला, भद्रावतीची विजासन लेणी, अन् जमलं तं ताडोबा. गाडी आपलीच आहे नं.

घर ४, गुरुजी: नाही जमत. बल्लारपूर चांद्याच्या दक्षिणेला, भद्रावती उत्तरेला. दोन्हीकडच्या येण्याजाण्यातच अर्धा दिवस जातो आणि प्रत्येक ठिकाणी उतरून फोटो काढण्यापुरताच वेळ उरतो. ताडोबाची सफारी आधी ऑनलाइन बुक करावी लागते, ती वेगळीच सहल आहे. एक दिवस फक्त चांद्याच्या परकोटाला, म्हणजे जुन्या शहराभोवतीच्या दगडी तटाला द्या. तेवढाही कमीच पडेल.

घर ७, काकू: रेल्वेनं येणाऱ्यांनी कुठं उतराचं? माझी बहीण नागभीडहून येणार आहे.

घर ११, भाऊ: चांदा फोर्टले. गोंदिया-बल्लारशा लाइनवरच्या गाड्या तिथं थांबतात. चंद्रपूर नावाचं स्टेशन दुसरं आहे, ते दिल्ली-चेन्नई लाइनवर. "चंद्रपूर स्टेशनवर घ्याले या" असं फोनवर सांगितलं की एक माणूस इकडं अन् ऑटो तिकडं, असं होते. स्टेशनचं पूर्ण नाव सांगाचं.

घर ४, गुरुजी: आता क्रम सांगतो, जरा लांब आहे पण पूर्ण वाचा.

सुरुवात अंचलेश्वर गेटपासून करा, साडेसातच्या आत. हा दरवाजा परकोटाच्या पूर्वेला आहे. बाहेरचं तोंड पूर्वेकडे असल्यामुळे सकाळचं ऊन थेट दगडावर पडतं आणि हत्तीला दाबून धरणारा सिंह, म्हणजे गोंड राजांचं चिन्ह, स्पष्ट उठून दिसतं. दुपारनंतर तीच बाजू सावलीत जाते, मग कोरीवकाम सपाट वाटतं. दुसरं कारण म्हणजे गेट, अंचलेश्वर मंदिर, राजा बीरशाहची समाधी आणि महाकाली मंदिर ही चारही ठिकाणं एकमेकांपासून पायी अंतरावर आहेत. गाडी एकदाच उभी करायची. दर ठिकाणी ३४ माणसं चढवायची-उतरवायची म्हटलं तर दहा-पंधरा मिनिटं जातात, सहली तिथंच बिघडतात.

समाधी बीरशाहची राणी हिराई हिनं बांधवली, महाकालीचं मंदिरही तिचंच. गाइडला सांगा, हे दोन्ही लागोपाठ दाखवा आणि राणीबद्दल नीट बोला. बऱ्याच जणांना महाकाली माहीत असते, हिराई माहीत नसते.

मंदिरात खांडक्या बल्लाळशाहची गोष्ट निघेलच: अंगावर खांडकं झालेला राजा, झरपट नदीच्या कोरड्या पात्रातल्या खळग्याचं पाणी, आणि बरा झालेला राजा. ती सांगावी, पण दंतकथा म्हणून सांगावी. परकोटाचा आराखडा याच राजाच्या काळात तेल ठाकूर नावाच्या माणसानं केला आणि बांधकाम पुढं धुंड्या रामशाहच्या काळात पुरं झालं, असं सांगतात. म्हणजे हे एका राजाचं काम नाही, पिढ्यांचं आहे.

घर ९, ताई: भिंतीवर चढता येते का? लहान मुलं आहेत सोबत.

घर ४, गुरुजी: बगड खिडकीकडचा तट चालण्यासारखा आहे. इको-प्रो या चंद्रपूरच्या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी २०१७ पासून परकोटावरची झाडंझुडपं काढली, म्हणून आज तिथं पाय ठेवता येतो. पण सगळीकडे नाही. तटाच्या दोन्ही बाजूंना दगड आणि मधे माती-मुरमाची भर असते. पिंपळाचं मूळ सांध्यात शिरलं की चुना सुटतो, पावसाचं पाणी आत मुरतं, भर फुगते आणि बाहेरचा दगड पुढे येतो. तो वरून पक्का वाटतो, पाय पडला की सरकतो. म्हणून काठापासून दोन हात आत चालायचं, मुलांचा हात मोठ्यानं धरायचा, कठड्यावर कोणी बसायचं नाही. कुठं आग्या मोहोळ दिसलं तर अत्तर, धूर, आरडाओरडा काहीच नको, गुपचूप मागे फिरा.

घर ९, ताई: खिडकी म्हणजे खिडकी का खरंच?

घर ४, गुरुजी: नाही, परकोटातला लहान दरवाजा. मोठे दरवाजे चार: जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा, बिनबा. खिडक्या पाच: बगड, हनुमान, विठोबा, चोर, मसण. मुलांना आदल्या दिवशी ही नावं पाठ करून घ्या, तिथं गेल्यावर ती स्वतः शोधतील.

घर ११, भाऊ: लालपेठच्या मोठ्या मूर्ती राहिल्या नं गुरुजी.

घर ४, गुरुजी: त्या दुपारी चारनंतर. एकाच दगडात कोरलेल्या अजस्र मूर्ती, काम अर्धवट राहिलेलं. सगळ्यात मोठी दहा तोंडांची, लोक रावण म्हणतात, पण ती दुर्गा आहे. मूर्ती उघड्यावर आहेत, भर उन्हात दगड तापतो आणि सावली मूर्तीच्या अंगाखाली जाऊन बसते. तिरप्या उन्हात छिन्नीचे घाव दिसतात, पाहायचे ते तेच. मे १८१८ मध्ये इंग्रजांनी चांद्याला वेढा घातला आणि किल्लेदार गंगासिंग लढताना पडले, ती गोष्टही गाइडकडून ऐकून घ्या.

घर २, दादा: बाबूराव शेडमाके?

घर ४, गुरुजी: इंग्रजांविरुद्ध उठाव करणारे गोंड वीर, त्यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या जेलमध्ये फाशी दिली. जेलच्या आत जाता येईल असं गृहीत धरू नका, बाहेरूनच नमन करू. माझ्या मते हा थांबा टाळू नये. दीक्षाभूमीही दिवसाच्या शेवटी घ्या, बाबासाहेबांनी १६ ऑक्टोबर १९५६ रोजी इथं दीक्षा दिली. फक्त जटपुरा गेटातून संध्याकाळी मोठी गाडी आत घालू नका, कोंडीत अडकली की निघत नाही. गाडी गेटाबाहेर ठेवून पायी आत या.

सचिव: गाइडशी काय बोलाचं?

घर २, दादा: फोनवर चार गोष्टी पक्क्या करा: किती तास, किती माणसं, कोणती ठिकाणं, पैसे माणशी की गटाचे. ३४ जणांत मागच्यांना ऐकू येत नाही. १७-१७ चे दोन गट करा, दोन गाइड घ्या, एक गट समाधीकडून, दुसरा महाकालीकडून. एकच गाइड मिळाला तं गळ्यात अडकवायचा छोटा स्पीकर न्या.

घर ७, काकू: एसटीनं गेलं तं बायांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरच्या वरच्यांना फुकट. पूर्ण गाडी घेतली तं हिशोब किलोमीटरवर. म्हाताऱ्या जास्त आहेत, दोन्ही हिशोब मांडून पाहा. अन् डबा महाकालीच्या दर्शनानंतरच उघडाचा. पोळी, कोरडी वांग्याची भाजी, चटणी. रस्साभाजी गाडीत सांडते.

घर ९, ताई: पाणी माणशी दोन लिटर. चप्पल नको, गवतात गोखरू असतात.

सचिव: बरं. बल्लारपूर, भद्रावती रद्द. गाडी सकाळी पावणेपाचला समाजमंदिराजवळून निघेल. उद्या संध्याकाळपर्यंत नाव, वय आणि गुडघ्याचा त्रास असल्यास तेही लिहा, म्हणजे तटावर कोण चढणार अन् खाली कोण थांबणार ते गाइडले आधी सांगता येईल.