शब्दचर्चा : 'रक्त पातळ करणारं औषध'

धंतोलीकर : आयसीयूबाहेर बसणाऱ्या नातेवाइकांसाठी मराठी माहितीपत्रक लिहितोय. एक्मो (हृदय-फुफ्फुसांचं काम शरीराबाहेर करणारं यंत्र) लावलेल्या पेशंटला हेपॅरीन देतात, त्याला 'रक्त पातळ करणारं औषध' म्हणावं का? नागपुरात सगळे तेच म्हणतात. पण काल एका काकूंनी विचारलं, "नाकातून रक्त येऊन राहिलं न बाप्पा, अन् तुम्ही अजून पातळ करून राहिले?"

महालकर : परिभाषेत 'रक्तक्लथन' आहे, त्यावरून 'क्लथनरोधी' होईल. पण तो शब्द वाचून पेशंटचा मुलगा अर्थ विचारायला पुन्हा डॉक्टरकडेच जाणार. पाणी गोठतं, तूप थिजतं, रक्त मात्र साकळतं. मुका मार लागला की कातडीखाली साकळतं तसं. 'रक्त साकळू न देणारं औषध' कसं वाटतं?

आयसीयू सिस्टर : चांगलं आहे. हेपॅरीननं रक्ताचा दाटपणा कमी होतच नाही. रक्तातल्या अँटिथ्रॉम्बिन या गुठळी रोखणाऱ्या प्रथिनाला ते जोर देतं, त्यामुळे गुठळी घडवणारं थ्रॉम्बिन अडतं आणि गुठळी धरायला वेळ लागतो. म्हणून आम्ही मोजतो तेही सेकंदांत. एक्मोवर एसीटी (रक्त साकळायला किती वेळ लागतो ते मोजणारी चाचणी) बऱ्याच ठिकाणी १८० ते २२० सेकंद ठेवतात, एपीटीटी ही तशीच दुसरी चाचणी नेहमीच्या दीड ते अडीच पट.

आता काकूंचा प्रश्न. यंत्राच्या प्लास्टिकच्या नळ्या, ऑक्सिजनेटर (रक्तात ऑक्सिजन मिसळणारा भाग) हे रक्ताला परकं. त्याला लागलं की रक्त साकळू पाहतं. त्याच वेळी पंपाच्या ताणानं व्हॉन विलेब्रांड नावाचं, गुठळी धरायला लागणारं प्रथिन तुटतं, प्लेटलेट (गुठळी धरणाऱ्या रक्तातल्या बारीक पेशी) खर्ची पडतात, म्हणून नाकातून, सुईच्या जागेतून रक्त येतं. यंत्रात गुठळी आणि नाकात रक्तस्राव, दोन्ही एकाच पेशंटला, एकाच दिवशी! 'पातळ' की 'घट्ट' एवढंच डोक्यात असलं तर हे उलगडणार कसं? रक्तस्राव फारच वाढला तर हेपॅरीन काही तास बंदही ठेवतात. एक-दीड तासात त्याचा जोर निम्म्यावर येतो, ही त्यातली सोय.

सदरकर : सरळ 'गाठ न होऊ देणारं' म्हणा ना.

आयसीयू सिस्टर : 'गाठ' नको हो! बाहेरच्या बाकांवर लगेच कॅन्सरची चर्चा सुरू होते. 'गुठळी' म्हणा.

महालकर : आणखी एक घोळ. ॲस्पिरिनलाही लोक 'पातळ करणारी गोळी'च म्हणतात. ती प्लेटलेटना एकमेकींना चिकटू देत नाही. वॉर्फरिन ही गुठळी होऊ न देणारी दुसरी गोळी, तिचं काम वेगळं. हार्टमेट ३ हा हृदयाला मदत करणारा पंप बसवलेल्यांना पूर्वी दोन्ही देत. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एरिस चाचणीत ॲस्पिरिन वगळल्यावर रक्तस्राव कमी झाला, गुठळ्या वाढल्या नाहीत. आता डॉक्टर म्हणाले, "पातळ करणारी गोळी बंद करा," आणि घरच्यांनी वॉर्फरिन बंद केली तर? पत्रकात औषधाचं नाव हवंच.

धंतोलीकर : मग असं लिहितो : 'हेपॅरीन : यंत्रात आणि शरीरात रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून. यानं रक्तस्राव वाढू शकतो, म्हणून वारंवार तपासणी करतात.' 'पातळ' काढूनच टाकू?

आयसीयू सिस्टर : कंसात राहू द्या. उद्या दात काढायला गेले तर डेंटिस्ट हेच विचारणार, "रक्त पातळ करायची गोळी सुरू आहे का?" तेव्हा 'हो' म्हणता आलं पाहिजे.