औष्णिक केंद्राचं गरम पाणी घरकुलांना देता येईल का?

एराईकाठचा:
नमस्कार मंडळी. आमचं गाव चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रापासून चारेक किलोमीटर, अंगणात उभं राह्यलं का कूलिंग टॉवरची वाफ दिसते. मी ग्रामपंचायत मेंबर. यंदा 40 घरकुलं एकाच लायनीत मंजूर झाली अन् पाये खोदणं सुरू आहे. आता झालं असं का आमचा आत्तेभाऊ वीस वर्षांपासून लंडनले राह्यते, त्याले कौन्सिलचं, म्हणजे तिकडच्या नगरपालिकेचं, नवीन घर भेटलं, म्हणजे घरकुलच समजा, फक्त मालक कौन्सिल अन् हा भाडेकरू. तर त्या घरात गीझर नाही, गॅस नाही, पूर्ण वस्तीले एकाच ठिकाणाहून गरम पाण्याचा पाइप येते, त्याच्यावरच घर गरम होते अन् अंघोळ बी. तो म्हणे पहिले तर पॉवर प्लांटचंच पाणी द्यायचे. मंग माह्या डोक्यात आलं, आपल्या उशाशी 2920 मेगावॅटचा प्लांट, अन् आपल्या बाया पहाटे पाचले चुलीत पऱ्हाट्या कोंबून गंजभर पाणी तापवून रायल्या. खोदणं चालूच आहे तर पाइप आताच टाकून घ्यावा का? हसू नका, खरं विचारतो.

कूलरवाला_बल्लारशा:
काहून बे, मे महिन्यात आमच्या टाकीच्या पाण्यात तूर शिजते अन् तुले अजून गरम पाह्यजे? 😂 थंड पाण्याचा पाइप येत असन तर सांग, वर्गणी मी देतो.

बॉयलर_पाळी:
भाऊंचा प्रश्न हसण्यासारखा नाही. आत्तेभाऊ बरोबर सांगतात, लंडनमध्ये थेम्सच्या एका काठाला बॅटरसीचं वीज केंद्र आणि समोरच्या काठाला चर्चिल गार्डन्स ही कौन्सिलची नवी वसाहत, 1950 पासून तिथलं वाया जाणारं गरम पाणी नदीखालून पाइपनं वसाहतीत जायला लागलं. 1983 ला केंद्र बंद पडलं, पण पाइपाचं जाळं राहिलं, आता वसाहतीजवळच बॉयलर लावून तेच चालवतात.

आता आपलं बघा. 500 मेगावॅटचा एक संच जेवढी वीज देतो त्याहून जास्त उष्णता कंडेन्सरमधून, म्हणजे वाफेचं पुन्हा पाणी करणाऱ्या भागातून, टॉवरकडे जाते. पण ते पाणी असतं चाळीसेक डिग्रीचं, चार किलोमीटर पाठवायला ते चालत नाही, त्यासाठी टर्बाइनमधून मधेच वाफ काढावी लागते म्हणजे तेवढी वीज कमी. बरं तेही केलं समजा. एका माणसाच्या अंघोळीला 20 लिटर पाणी 18 वरून 40 डिग्रीला न्यायला साधारण अर्धं युनिट (विजेच्या बिलातलंच युनिट) उष्णता लागते. 40 घरं, घरटी पाच माणसं, दिवसाला 100 युनिट. एवढी उष्णता तो संच एका सेकंदाच्या आत फेकून देतो! पण पाइप चोवीस तास गरम ठेवावा लागतो आणि चांगलं इन्सुलेशन करूनही जाण्यायेण्याच्या पाइपांच्या जोडीत मीटरमागे 20 वॅट गेले असं धरा, तर चार किलोमीटरमध्ये दिवसाला 1900 युनिट जमिनीतच. म्हणजे एक बादली भरायला एकोणीस बादल्या सांडायच्या. तिकडे थंडी सहा-सात महिने असते आणि एकावर एक घरं असतात म्हणून परवडतं, आपल्याकडे डिसेंबर-जानेवारी सोडला तर कोण घेणार हे पाणी.

वणीचा_पोट्टा:
मी तिकडे इंग्लंडमध्ये अशाच गरम पाण्याच्या साइटवर मेकॅनिकलले होतो अडीच वर्षं, म्हणून सांगतो. पाइप म्हणजे आपला जीआय नाही, आत स्टील, मधात फोम, वरून काळं प्लॅस्टिक, अन् फोममध्ये दोन तारा टाकलेल्या, कुठं ओल आली तर त्या तारांवरून समजते. प्रत्येक घरात कपाटाएवढा डब्बा असते, त्यात पत्र्यांच्या पातळ प्लेटा, नेटवर्कचं पाणी एका अंगानं अन् नळाचं दुसऱ्या अंगानं, एकमेकांत मिसळत नाही. मीटर पाणी अन् तापमान दोन्ही मोजते, बिल युनिटवर.
आमच्या एका साइटवर चाव्या द्यायची तारीख जवळ आली म्हणून ठेकेदारानं पाइप नीट न धुता जाळं जोडून दिलं. लोकं राह्यला आले, डिसेंबरात नळाले कोमट पाणी. मी गाळणी खोलली तर तीत वेल्डिंगचा कचरा अन् काळा चिखल, चहाच्या चोथ्यासारखा. 60 डब्बे एकेक करून खोलले बाप्पा, अन् शिव्या आम्हीच खाल्ल्या. अजून एक, तिथं हे कनेक्शन नाही आवडलं तर दुसरा सप्लायर घेता येत नाही, जो आहे तोच. आत्तेभावाले विचारून पाहा.

घरकुलवाली_ताई:
भाऊ, माह्या घरकुलाले 1 लाख 20 हजार भेटले, वरून रोजगार हमीची मजुरी अन् संडासाचे 12 हजार. तेवढ्यात लेंटलपर्यंत आली अन् स्लॅबले बचत गटाचं कर्ज काढलं. तुमचा पाइप कोणाच्या पैशातून? आमच्या गल्लीत पहिले सिमेंट रोड झाला, मंग नळाची लाइन आली, तोच रोड फोडला, अजून तसाच आहे, पोट्टे सायकलवरून पडतात. गरम पाणी राहू द्या, साधं पाणी तर नीट येऊ द्या ना.

बॉयलर_पाळी:
ताईंचा मुद्दा माझ्या सगळ्या हिशेबापेक्षा कामाचा आहे. चर्चिल गार्डन्सचं जमलं त्यात हेही होतं, घरं आणि पाइप एकाच वेळी आखले गेले. एराईकाठचे भाऊ, रोड व्हायच्या आधी प्रत्येक दोन घरांमागे चार इंची रिकामा पीव्हीसी पाइप रोडखालून आडवा टाकून ठेवा, दोन्ही तोंडं बुच मारून, आत नायलॉनची दोरी सोडून, म्हणजे पुढं कुठलीही लाइन त्यातून ओढता येईल, रोड फोडावा लागणार नाही. आणि स्लॅबवर सोलर वॉटर हीटरसाठी दोन पाइप वर काढून ठेवायला मिस्त्रीला सांगा, पुढं ज्याला जमेल तो लावेल.

एराईकाठचा:
हाव, हे पटलं. आत्तेभावाले फोन केला, तो म्हणे उन्हाळ्यात बी जिन्यातला पाइप गरमच राह्यते, वरांड्यात उभं राहवत नाही. मंग आपल्याइकडे तर विचारच नको 😅 रिकाम्या पाइपाचं उद्या इंजिनिअरले सांगतो, एस्टिमेटमध्ये नाही म्हणन तो. किती खोल टाकू, दोन फूट पुरे का? वरून ट्रॅक्टर जातात, उसाचे नाही, रेतीचे.

वणीचा_पोट्टा:
तीन फूट टाका. रेतीचे असन तर साडेतीन.