मदत हवी आहे: विंडो एसी घ्यावा की स्प्लिट?

नमस्कार मंडळी. आम्ही परभणीला राहतो. मे महिन्यात पारा 44 च्या वर जातो, हे इथल्या कुणाला सांगायला नको. आजवर कूलरवर भागवलं. कोरड्या उन्हाळ्यात तो बरा चालतो. पण बोअरचं पाणी इतकं जड की महिन्याभरात वाळ्याच्या पॅडवर पांढरा थर बसून दगड होतो. त्यात नळाला पाणी आठवड्यातून एकदा, मग कूलरला काय पाजणार?

खोली 12 बाय 14 ची, वर थेट स्लॅब, पश्चिमेची भिंत दुपारभर तापते. रात्री अकरालाही भिंतीला हात लावला तर चटका बसतो. दुकानदार म्हणतो 1 टन पुष्कळ झाला. मला दीड टनाशिवाय भागेल असं वाटत नाही. तुमचा अनुभव काय?

दुसरं, संध्याकाळी व्होल्टेज 170 पर्यंत उतरतं, पंखा नुसता गरगरतो. इन्व्हर्टर एसीचा कॉम्प्रेसर बंद-चालू न होता वेग कमी करतो, म्हणून बिल कमी येतं हे कळलं. पण त्याचं सर्किट बोर्ड एवढ्या चढउतारात टिकतं का? वेगळा स्टॅबिलायझर लावावाच लागेल का? 3 स्टार की 5 स्टार? आमचा वापर तीनच महिने, तोही रात्रीचा.

वडील म्हणतात विंडो घे, दुरुस्तीला सोपा. पण त्याची घरघर त्यांनाच झोपू देणार नाही! आधी स्लॅबला पांढरा कूल रूफ रंग मारून फरक पडला असेल तर तेही सांगा.