शर्यत गेली, गावात थांबलं कोण?

कोथरूडचा पेडल: कालपासून ग्रुपांवर एक पोस्ट फिरतेय, की जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर झाली, ४३७ किलोमीटरची सायकल शर्यत, आता मुळशी-मावळ-पुरंदरच्या गावांत पर्यटक आपोआप येणार. आपोआप कोणी येत नाही हो. घोळका गावातून बघता बघता निघून जातो आणि रस्ता बंद म्हणून त्या दिवशी रसवंतीवालाही बसून. इटलीत गायोले गावात १९९७ पासून एरोइका नावाची सायकल राइड होते, १९८७ च्या आधीच्या सायकली, मातीचे पांढरे रस्ते आणि थांब्याथांब्यावर तिथलंच जेवण. ते कच्चे रस्ते डांबराखाली जाऊ नयेत म्हणूनच सुरू केलेली राइड आहे ती. आपल्याकडे माळ्यांवर जुन्या सायकली पडल्यात, कर्वेनगरला सायकलींचं अख्खं संग्रहालय आहे, मग सासवड-जेजुरी-मोरगाव अशी जुन्या सायकलींची राइड का नको?

घाटवेडा: शर्यतीला नावं ठेवणं सोपंय. तिच्यासाठी जे रस्ते नीट झाले त्यावरच रविवारी फिरता ना? मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाटात 'घाटाचा राजा' कोण होतो ते बघायला लोक रस्त्याकडेला उभे राहायचे, वडील मला खांद्यावर घेऊन जायचे. वारसा हा आहे, माळ्यावरचं गंजलेलं लोखंड नाही.

कोथरूडचा पेडल: उभे राहायचे आणि संध्याकाळी घरी. मुक्काम कोण करायचं?

सदाशिवपेठी: वारसा निघालाच आहे तर ऐका, डबलसीट दिसलं की पोलीस धरायचे, दिवा नाही म्हणून दंड, वर सायकलला कराचा बिल्ला, तरी हे सायकलींचं शहर होतं. २०१७ ला महापालिकेने सायकल आराखडा मंजूर केला आणि आज ट्रॅकवर गाड्या लावलेल्या असतात. माझ्या बहिणीला सिंहगड रोडला टेम्पोने कट मारला, तेव्हापासून तिची सायकल गॅलरीत. शहरातून धड बाहेर पडता येत नाही आणि गावच्या पर्यटनाच्या गप्पा!

घाटवेडा: मग कारवर रॅक लावा, नसरापूरपर्यंत न्या, तिथून चालवा.

सदाशिवपेठी: म्हणजे कारवाल्यांनीच सायकल चालवायची? आधी एसटीच्या टपावर सायकल जायची. भोरच्या गाडीला सायकलसाठी जागा द्या, मग बोला. कारची सोय सांगणाऱ्यांचा राग येतो मला.

घाटवेडा: राग शहराच्या धाग्यावर काढा, इथे विषय गावांचा आहे.

वेल्हेकर: गावाचा माणूस बोलू का? आमचं घर पानशेत रोडला. रविवारी पहाटे झुंडीने येतात, खिशात खजूर, बाटलीत घरचं पाणी, संपलं तर आमच्या नळावर भरतात, धरणाचे फोटो काढतात आणि मिसळ खायला पुन्हा खडकवासल्याला. आईने भाकरी-पिठल्याचा बोर्ड लावला होता, पावसाळा संपायच्या आत काढला.

घाटवेडा: ठीक आहे, हे खरंय, आमच्या ग्रुपातही असंच चालतं. पण म्हणून शर्यत वाईट ठरत नाही, ती बघूनच पोरं सायकल मागतात.

कोथरूडचा पेडल: शर्यत बंद करा असं मी कुठे म्हटलं? शर्यत म्हणजे पर्यटन, एवढंच मान्य नाही.

वेल्हेकर: जुन्या सायकलींची राइड आमच्याकडे आणा, पण येणाऱ्यांचा आकडा दोन दिवस आधी कळवा, मुक्काम घराघरात करा आणि जेवणाचं काम पुण्याच्या केटररला न देता गावातल्या बचत गटाला द्या. तेवढं जमत नसेल तर आमच्या रस्त्याने येऊच नका.